प्रयोग मदतीचा

रविवारची सकाळ. नालासोपाऱ्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सतरंजी अंथरली आहे. जमलेली सगळी माणसं कोकणातल्या एकाच वाडीची. गावच्या समाजमंदिराचं छप्पर पावसानं गेलंय. वर्गणी काढून झाली, ती पुरली नाही. आता मार्ग एकच: मदतीचा प्रयोग. म्हणजे एखादं नाटक, नाहीतर नमन किंवा शक्ती-तुरा या कोकणातल्या लोककलांचा खेळ ठरलेल्या रकमेला घ्यायचा आणि तिकिटं मंडळानं खपवायची.

ही वाट जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे संगीत रंगभूमीवरचे दोन मोठे गायक नट मुंबईत बालीवाला थिएटरात एकत्र उभे राहिले. तो 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग. एरवी एकमेकांच्या स्पर्धेतल्या दोन कंपन्या त्या रात्री एका कामासाठी एक झाल्या.

वाडीच्या मंडळाला बालगंधर्व मिळत नाहीत. मिळतात ते सुट्टीच्या दिवशीही फोन उचलणारे कार्यकर्ते.

पहिला वाद तारखेचा. शिमगा नको, गणपती नको, मे महिना तर मुळीच नको, सगळे गावाला. उरलेल्या रविवारांत नाट्यगृह मोकळं हवं. परळचं दामोदर नाट्यगृह गिरणगावातल्या मंडळांना चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाली. त्याआधीच, १९८२ च्या गिरणी संपानंतर, माणसं चाळी सोडून विरार, दिवा, बदलापूरकडे सरकली होती. पूर्वी एका जिन्यात दहा तिकिटं जायची. आता एका तिकिटासाठी दोनदा गाडी बदलावी लागते.

म्हणून खरी मोहीम रंगमंचावर नसते, ती खजिनदाराच्या वहीत असते. देणगी प्रवेशिकांची, म्हणजे तिकिटांची, बुकं क्रमांकानं वाटली जातात. कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत, कोणी नेलं, समोर सही. न विकलेलं बुक प्रयोगाच्या आठवडाभर आधी परत आलंच पाहिजे. नाही विकलं, चालेल. "विकलंय, पैसे येतील" हे मात्र चालत नाही. या एका वाक्यानं कित्येक मंडळांचे प्रयोग तोट्यात गेले असतील.

नाटकाचं मानधन, भाडं, जाहिरात हा खर्च स्मरणिकेत छापलेल्या जाहिरातींतून काढायचा, हा जाणत्यांचा हिशेब. मलपृष्ठ बिल्डरला, आतली पानं सोनार, केटरर, डेकोरेटर यांना. 'शुभेच्छुक' म्हणून फोटो छापून घेणाऱ्या पुढाऱ्याकडून पैसे छपाईआधी घ्यावेत. नंतर साहेब मीटिंगमध्ये असतात. खर्च असा भागला की तिकिटाचा रुपया थेट छपरावर जातो.

आणि तिकीट नटाच्या नावावर खपतं, हा गैरसमज आहे. ते खपतं भाच्याच्या फोनवर. "मामा, दोन ठेवलीत तुमच्यासाठी," म्हटलं की मामा नाही म्हणत नाहीत, मग नाटक कुठलंही असो.

कायद्याचं काम कुणालाच आवडत नाही. मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं नसेल तर असा निधी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची असते. देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता असली तरी दोन हजारांच्या वरची रोख देणगी करसवलतीत बसत नाही. म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं, मंडळाच्याच खात्यात. अध्यक्षांच्या मुलाच्या मोबाइलवर नव्हे.

प्रयोगाचा दिवस. दारावर दोघं, खुर्च्यांवर नंबर दाखवायला चौघं, वड्यांच्या स्टॉलवर महिला मंडळ. मध्यंतरात देणगीदारांचे सत्कार. इथं सूत्रसंचालकाला आवरणारा एक कठोर माणूस नेमावा. शाल-श्रीफळ लांबलं की कलाकार विंगेत ताटकळतात आणि दुसरा अंक सुरू होताना प्रेक्षक विरार लोकलची वेळ पाहू लागतात.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच गच्ची. खजिनदार जमा वाचतात, खर्च वाचतात, मग 'येणे' या रकान्यातली नावं मोठ्यानं वाचतात. दोघं जण तिथल्या तिथे मोबाइल काढून पैसे पाठवतात. तिसरा म्हणतो, पगार झाला की. त्याचं नाव वहीत तसंच राहतं, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते: पत्रा घ्यायचा की कौलं.