तोल जाण्याची जागा
(लहान मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या वर्षी मी एका घरी गेले होते. मुलगा अडीच वर्षांचा. चालताना फार धडपडतो, सारखा आपटतो, म्हणून आईवडील काळजीत होते. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे त्यांनी मला बोलावलं होतं. पण मुलाच्या आधी त्यांनी मला त्याची खोली दाखवली. हौसेनं केलेली खोली होती. भिंतीवर जंगलाचं चित्र, मोटारीच्या आकाराचा पलंग, छोटं टेबल, छोटी खुर्ची, खेळण्यांनी भरलेली दोन कपाटं. मी पलंग आणि कपाट यांच्यामधली मोकळी जागा पावलांनी मोजली. तीन पावलं भरली.

मुलाला तपासलं. स्नायूंची ताकद चांगली, सांधे चांगले, नजर चांगली. त्याला धावायला, गर्रकन वळायला आणि पडायला घरात जागा नव्हती, एवढंच. बाहेर गेलं की त्याचा हात कुणाच्या तरी हातात. म्हणजे तोल सांभाळायचं काम दिवसभर दुसरंच कोणीतरी करत होतं.

आज मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, आणि ते मी वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे: तोल गेल्याशिवाय तोल सांभाळता येत नाही. मुलांची खेळायची खोली म्हणजे तोल जाण्याची हक्काची जागा. तिथे पडणं स्वस्तात व्हायला हवं.

किती पडतात मुलं? न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजलं. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती, सुमारे सातशे मीटर चालत होती आणि १७ वेळा पडत होती. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. दिवसभरात किती होतील याचा हिशेब तुम्हीच करा. आणि ही मुलं उगाच गोलगोल फिरत नव्हती. दोन पावलं, थांबणं, वळणं, वाकून काहीतरी उचलणं, पुन्हा चार पावलं. एका सरळ रेषेत चालणं त्यात फारच थोडं. म्हणून मी म्हणते, खोलीत लांब पट्टा नसला तरी चालेल, पण मधोमध एक मोकळा चौक हवा. दहा बाय दहाच्या खोलीतही तो निघतो. सगळं सामान भिंतीला लावा. टेबल-खुर्ची या वयात बाहेरच्या खोलीत गेली तरी काही बिघडत नाही.

आता तोल म्हणजे नक्की काय ते थोडं समजून घेऊ, म्हणजे कुठली वस्तू का ठेवायची ते आपोआप कळेल. आपल्या कानाच्या आत, अगदी खोलवर, तीन अर्धगोल नळ्या असतात. एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव किंचित मागे राहतो आणि आतल्या पेशींवरचे बारीक केस वाकतात. मेंदूला कळतं, आपण फिरलो. फुगडी घालून थांबलं की घर फिरतं ना? तुम्ही थांबलेले असता, तो द्रव अजून फिरत असतो. त्या नळ्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतल्या चुनखडीच्या बारीक कणांमुळे खाली कुठे, वर कुठे, आपण पुढे सरकतोय की मागे, हे कळतं. झोक्यावर मुख्यतः त्या पिशव्यांना काम मिळतं, फुगडीत नळ्यांना. आपल्या आज्यांना यातलं शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, पण पाळणा, झोका, फुगडी, लंगडी, ठिकरी या सगळ्यात कानाच्या या भागाची रोजची शाळा भरत होती. अंगण होतं म्हणून ती भरत होती. आपल्या फ्लॅटमधून अंगण गेलं, आणि त्याबरोबर काय काय गेलं याची मोजदाद आपण केलीच नाही.

कानाखेरीज तळपाय आणि सांधे मेंदूला खबर देतात. म्हणून खोलीत मूल अनवाणी हवं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर मोजे घातलेलं मूल हे मला घरोघरी दिसतं आणि दर वेळी पोटात गोळा येतो. मोजे काढा. फरशी सगळीकडे सारखी ठेवू नका. एका कडेला घोंगडी, मग काथ्याचं पायपुसणं, मग चटई, मग उघडी फरशी, मग दुमडलेली गोधडी. डोळ्यांना ही पायवाट अगदी साधी वाटेल, पण पावलाला प्रत्येक टप्प्यावर नवा विचार करावा लागतो.

तिसरी खबर डोळ्यांची, आणि लहान मुलं तिच्यावर मोठ्यांपेक्षा जास्त विसंबून असतात. १९७४ साली डेव्हिड ली आणि एरिक अॅरन्सन यांनी एक विलक्षण प्रयोग केला होता. जमीन स्थिर, पण भिंती आणि छत पुढेमागे सरकतील अशी खोली. नुकतीच उभी राहू लागलेली मुलं तिच्यात उभी केली. भिंती हलल्या की मुलं डुलायची, काही तर पडायची. पायाखालची जमीन जागची हललीही नव्हती! मी हे वाचलं तेव्हापासून खोलीच्या भिंतींकडे वेगळ्या नजरेनं बघते. मूल अरुंद पट्टीवरून चालतंय आणि समोर मोठ्या पडद्यावर कार्टून पळतंय, असं नको. समोर काहीतरी शांत, सरळ हवं. खिडकीची चौकट, दाराची चौकट, साधी रंगवलेली भिंत. मुलाची नजर तिथे टेकते.

आता सामान. माझ्या मते घरात आधीच असलेल्या वस्तूंनी पाऊण काम होतं. जेवायचे पाट घ्या. एक एक पाट फूटभर अंतरावर मांडला की चढ-उताराची वाट झाली. अंतर हळूहळू वाढवा. लोड आडवा टाकला की ओलांडायला डोंगर. दोन गाद्या, एक दुसरीवर अर्धी सरकवलेली, की उतार मिळाला, लोळायला आणि रांगत चढायला. फरशीवर रंगीत चिकटपट्टीची एक लांबट गोल रेघ ओढा. मॉन्टेसरी शाळांमध्ये अशा रेघेवरून चालणं हा जुना पाठ आहे. तीन-चार वर्षांचं मूल त्यावरून हातात पाण्यानं भरलेली वाटी घेऊन चालू लागलं की त्याचा चेहरा बघा. त्या वेळी त्याला हाक मारू नका.

महागडी साधनं हवीत का, असं मला नेहमी विचारतात. इथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केलं, तेव्हा मॉन्टेसरीची साधनं गावाला परवडणारी नव्हती. त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण आता सरकारी योजनेमुळे ऐकतो, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. आपल्याला उलटं करायचं आहे. अंगण घरात आणायचं आहे.

चढण्यासाठी लाकडी त्रिकोणी शिडी मिळते, ती अनेकांनी पाहिली असेल. तिला एमी पिकलर यांचं नाव आहे. या बुडापेस्टच्या बालरोगतज्ज्ञ. १९४६ पासून त्यांनी तिथे अनाथ बालकांचं घर चालवलं. त्यांचा आग्रह असा, की मूल ज्या स्थितीत स्वतः येऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला मोठ्यांनी ठेवू नये. शिडीला मी हाच नियम लावते. मुलाला उचलून वरच्या दांडीवर बसवू नका. ज्या पायरीवर ते स्वतः चढलं, तिथून उतरायची वाटही ते बहुतेक वेळा शोधतं. तुम्ही जवळ बसा, हात पुढे नको. शिडी मुलाच्या खांद्यापेक्षा उंच नको आणि खाली कोड्यासारखी जुळवायची पातळ फोमची चटई पुरत नाही, चांगली जाड गादी हवी. खोलीतलं प्रत्येक कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं करा, कारण मूल तुमच्या शिडीवर चढायला शिकलं की उद्या ड्रॉवरवर चढणार. खिडकीला जाळी आणि खिडकीखाली चढता येईल असं काहीही नाही. यात तडजोड नको.

झोका मला खोलीत हवाच असतो. जुन्या घरांत छताला झोपाळ्याच्या कड्या असायच्या. नव्या घरात त्या नसतात. फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका. काँक्रीटच्या स्लॅबमध्येच बोल्ट बसवायचा, तोही इमारतीच्या इंजिनिअरला विचारून, कारण काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात आणि तिथे भोक पाडणं धोक्याचं असतं. साडीच्या झोळीत मूल एकटं सोडायचं नाही, कधीच.

आणि वॉकर. यावर मी थोडी कडक बोलते. मूल आत बसवून चाकांवर पळवायचा तो वॉकर घरात आणू नका. त्यात मूल तोल सांभाळतच नाही, वॉकर सांभाळतो. पायऱ्यांवरून कोसळण्याचे अपघात इतके झाले की कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. मूल त्याच्या मागे उभं राहतं, स्वतःच्या पायांवर, आणि तो ढकलतं. मात्र गुळगुळीत फरशीवर तो सुसाट पुढे जातो, तेव्हा त्यावर दोन वीटा किंवा तांदळाची पिशवी ठेवा. मूल कधी चालेल याची घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, त्यात भारतही होता, केलेल्या पाहणीत स्वतंत्र चालणं सुमारे ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान सुरू झालेलं दिसलं. शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपलं मागे पडत नाही. त्याच संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. तीन तास. एकदम नव्हे, दिवसभर विखुरलेले.

मघाशी एका आजींनी चिठ्ठी पाठवली आहे, की नात उड्या मारते आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, काय करावं. हा अगदी खरा प्रश्न आहे आणि खालच्यांचंही बरोबर आहे. उड्यांची एक वेळ ठरवा, संध्याकाळी पाच ते सात. नातीला घेऊन खाली जा, तिलाच सांगू द्या. उडीच्या गादीखाली दोन घोंगड्या घाला. आणि पाट उलटे करून त्यांच्या पायांकडे बघा. दणका जितका मुलाच्या पायांचा, तितकाच फरशीवर आपटणाऱ्या पाटाच्या पायांचा असतो. त्यांना जुन्या गोधडीचे चौकोनी तुकडे चिकटवा.