नंदाखालचे फादर आणि विहिरीचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

वसईच्या पट्ट्यात विहीर बिघडली की पहिली खबर स्वयंपाकघरातून येते. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही. मग वाडीत, म्हणजे बागायतीत, दिसायला लागतं. केळीच्या पानांच्या कडा करपतात, पानवेल पिवळी पडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण आज या पाण्यापासून सुरू करतोय. उरलेला महाराष्ट्र त्यांना संमेलनाध्यक्ष म्हणून ओळखतो, ‘सुबोध बायबल’चे अनुवादक म्हणून ओळखतो. वसईतल्या शेतकऱ्याला मात्र ते आधी आठवतात ते टँकरच्या विरोधात उभे राहिलेले फादर म्हणून.

त्यांचं गाव नंदाखाल, विरारच्या पश्चिमेला. या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी. तिन्ही बाजूंनी खारं पाणी, आणि मधल्या जमिनीत गोडं. त्या गोड्या पाण्यावर केळी, भाजी, फुलं, विड्याची पानं पिकत आली. आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, त्याच पाण्याची.

हे गोडं पाणी टिकतं कसं, हे समजल्याशिवाय फादरांची लढाई समजत नाही. खारं पाणी जड असतं, लिटरमागे साधारण २५ ग्रॅमनी. म्हणून पावसाचं मुरलेलं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. याचा हिशेब ठरलेला आहे: जमिनीतल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून पातळी अर्धा फूट खाली नेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू २० फूट वर सरकतं. त्यात कोणी खोल बोअर मारून मोठा पंप लावला, तर त्या बोअरखाली खारं पाणी शंकूसारखं वर खेचलं जातं. एकदा ते विहिरीत शिरलं की पंप बंद करून भागत नाही. ते मागे हटायला कित्येक पावसाळे जातात.

पूर्वी रहाट होता. किती पाणी काढायचं हे बैलाच्या दमावर ठरायचं, आणि बैल दमतोच. पंप दमत नाही. विहिरीवर चांगला पंप असेल तर १० हजार लिटरचा टँकर पंधरा-वीस मिनिटांत भरतो. नालासोपारा, विरार, वसई रोड इथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि नळ मागून आले. मधल्या काळात तहान भागवली ती वाड्यांमधल्या विहिरींनी. माणशी दिवसाला १३५ लिटर ही शहरी पाणीपुरवठ्याची मोजणी धरली, तर एक टँकर जेमतेम ७४ माणसांना पुरतो. दिवसाकाठी किती खेपा लागत असतील, ते तुम्हीच मोजा.

पाणी विकणाऱ्याला नुसती दूषणं देणं सोपं आहे. टँकरवाला रोख पैसे देतो. भाजीचे पैसे हातात यायला अडीच महिने राबावं लागतं. गोम एवढीच की विहीर त्याची असली तरी खालचं पाणी शेजाऱ्याचंही असतं. एकाने उपसलं की चौघांचं खारं होतं.

बावखलांची गोष्टही यातलीच. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचं खोदलेलं तळं. पावसाळ्यात भरायचं, वर्षभर आजूबाजूच्या विहिरींना पाझर द्यायचं, उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून वाडीत टाकला की खताचंही काम व्हायचं. एका गुंठ्याचं आणि दोन मीटर खोलीचं बावखल घ्या: त्यात दोन लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे वीस टँकर. घरात नळ आला की बावखलाकडे कोणी बघत नाही. आधी कचरा पडतो, मग भराव, मग त्यावर बांधकाम. शेजारची विहीर का आटली, हा प्रश्न त्यानंतर पडतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचं सरकारी धोरण आलं. त्याविरुद्ध ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली, आणि तिचं नेतृत्व फादर दिब्रिटोंकडे आलं. समोर बिल्डर, टँकरवाले आणि त्यांच्या पाठीशी असलेली गुंडगिरी. धमक्या आल्या. मोर्चे निघाले.

धर्मगुरूने हे करावं का, असा प्रश्न तेव्हा चर्चच्या आतही विचारला गेला, बाहेरही. पण चर्चकडे जे असतं ते कुठल्याही पक्षाकडे नसतं, हेही खरं. दर रविवारी ठरल्या वेळी अख्खं गाव एकत्र येतं, बायकामाणसांसकट. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपल्यावर जी सूचना दिली जाते, ती दुपारपर्यंत घराघरांत पोचते. पत्रकं छापावी लागत नाहीत. यातले दोन धोकेही सांगायला हवेत. एक, धर्मगुरूची बदली होते, म्हणून काम गावातल्या माणसांच्या हाती नसेल तर ते फादरांबरोबरच निघून जातं. दुसरा, ‘ही ख्रिस्ती लोकांची चळवळ’ असा शिक्का बसायला एक दिवस पुरतो. खारं पाणी काही विहिरीच्या मालकाची जात विचारून शिरत नाही. त्या समितीच्या नावात चर्च नव्हतं, वसई होती. आणि तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं होती.

हाच कल त्यांच्या संपादनात दिसतो. १९७२ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा, आणि १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन. चर्चचं मासिक म्हटलं की सणांच्या तारखा, संतांची चरित्रं आणि निधनवार्ता एवढंच डोळ्यांपुढे येतं. दिब्रिटोंनी त्यात पर्यावरण आणलं, सामाजिक प्रश्न आणले, ख्रिस्ती नसलेले लेखक आणले. ज्या समाजाच्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि ज्याच्या देवळात एकेकाळी लॅटिन, त्या समाजाला महाराष्ट्राच्या वाचकाशी मराठीत बोलतं करणं, हे आमच्या मते मोर्चाइतकंच मोठं काम होतं. बायबलच्या अनुवादामागेही तीच धडपड होती. मिशनऱ्यांच्या जुन्या मराठीत अडखळणाऱ्या वाचकाला आजच्या भाषेत मजकूर द्यायचा, आणि संदर्भ समजावायला टिपाही द्यायच्या. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे ते अध्यक्ष होते. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीनंतर विरोधाचे फोनही झाले. पाठदुखीने बेजार असूनही ते उद्घाटनाला हजर राहिले.

वसईत पुढे काय झालं? हिरवा पट्टा अख्खा वाचला नाही. २००९ मध्ये महानगरपालिका आली, इमारती वाढतच राहिल्या, बावखलं बुजत राहिली. पण पश्चिमेच्या गावांमध्ये अजून वाड्या आहेत, आणि भराव टाकणाऱ्या डंपरला अडवून ‘परवानगी दाखव’ असं विचारणारी माणसं आहेत. ज्यांच्या गावात बावखल उरलंय, त्यांनी एवढं करावं: पावसाआधी गाळ काढावा, पण तळ फुटेल इतकं खोल खणू नये, नाहीतर खालचं खारं पाणीच वर येतं. विहिरीवर लहान पंप लावावा, थोडा वेळ चालवावा, मग विहीर भरू द्यावी. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी तपासून त्याची नोंद वहीत ठेवावी, दरवर्षी त्याच आठवड्यात, म्हणजे मागच्या सालाशी ताडून पाहता येतं.

२५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो गेले. नंदाखालच्या चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. भर पावसाळा होता, विहिरी काठोकाठ भरलेल्या होत्या.