प्रोजेक्टरला जोडताना

मघाशी हा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडताना माझी धांदल उडाली, तेव्हा तुमच्यातले दोघं-तिघं हसले. हसा, हसा. परिषदेत माझ्यासारख्या डेस्कटॉपवाल्याला, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, सेटिंगं लिहिणाऱ्याला, शिकण्यासारखं असतं ते नेमकं त्याच मिनिटांत.

मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या परिषदांत आमचा विषय तसा कोपऱ्यातला. ब्रुसेल्सचं फॉसडेम घ्या. विद्यापीठाचा परिसर, दोन दिवस, नावनोंदणी नाही, प्रवेश फुकट. पण खोली भरली की दारावर तशी पाटी लागते, मग कितीही ओळखी काढा, आत सोडत नाहीत. आमची घरची कार्यं वेगळी: केडीईची अकॅडमी, ग्नोमची ग्वाडेक. १९९६ आणि १९९७ साली सुरू झालेले हे दोन मुक्त डेस्कटॉपचे प्रकल्प. केडीई ज्यावर उभं आहे त्या क्यूटी नावाच्या साधनसंचाच्या परवान्यावरून सुरुवातीला दोघांत चांगलंच वाजलं होतं. तरी २००९ मध्ये ग्रान कनारियाला आणि २०११ मध्ये बर्लिनला दोघांनी एकत्र परिषद भरवली. पुढे मात्र आपापल्या घरी.

पण विषय कुठलाही असो, वक्त्याच्या हातात लॅपटॉप असतो आणि त्यावर कुणीतरी लिहिलेला डेस्कटॉप असतो. केबल लागली की पहिली दोन-तीन मिनिटं परीक्षा आमची. प्रोजेक्टर त्या केबलमधूनच आपली ओळख सांगतो, म्हणजे कोणत्या मापाचं चित्र झेपेल वगैरे. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मधला एखादा अडॅप्टर ती गिळून टाकतो. मग लॅपटॉप बिचारा अंदाजाने १०२४ बाय ७६८ धरून बसतो, आणि सभागृहाला वाटतं, वक्त्यालाच काही येत नाही. मी अशा वेळी भाषणाकडे नव्हे, वक्त्याच्या बोटांकडे बघतो. आधी कोणतं बटण दाबलं, वैतागून कुठे क्लिक केलं, सगळं वहीत टिपतो. सेटिंग जिथे मी मोठ्या कौतुकाने ठेवलं होतं तिथे फारसं कुणी जात नाही, हे त्या वहीनेच मला सांगितलं.

एकदा तर माझाच पराक्रम पाहिला. दुसरा पडदा जोडला की ‘तेच चित्र दाखवायचं की पडदा वाढवायचा’ असं विचारणारी खिडकी मी केली होती. ती उघडली थेट प्रोजेक्टरवर, वक्त्याच्या पाठीमागे. प्रश्न सगळ्या सभागृहाला दिसत होता. ज्याला उत्तर द्यायचं तो लॅपटॉपकडे बघत थांबलेला! माझ्या टेबलावर दोन्ही मॉनिटर शेजारी-शेजारी होते, त्यामुळे ही चूक मला दिसणंच शक्य नव्हतं.

दुरुस्ती माझ्या एकट्याच्या हातात नव्हती. १९८७ च्या एक्स११ मध्ये, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, प्रोग्रॅमला आपली खिडकी हवी तिथे ठेवता यायची. त्याच मोकळिकीत एका प्रोग्रॅमला दुसऱ्यात टाइप केलेलं वाचताही यायचं. तिची जागा घ्यायला २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही मोकळीक काढून घेतली, आणि माझ्या मते योग्यच केलं. पण आता खिडकी कुठे उघडायची हे कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, ठरवतो, आणि त्याचा देखभालकर्ता काही ऐकेना. नियम म्हणजे नियम, एका खिडकीसाठी अपवाद नाही. महिनाभर आमची लेखी जुंपली होती.

तो पुढच्या परिषदेत भेटला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला रिकाम्या सभागृहात नेलं, मंचावर उभं केलं आणि म्हटलं, ‘जोड केबल.’ त्याने जोडली. लॅपटॉपकडे बघत राहिला. बघतच राहिला. शेवटी मी पहिल्या रांगेत हसतोय हे पाहून त्याने मागे मान वळवली.

‘इथे उभं राहून बघ, असं आधीच का नाही लिहिलंस?’ एवढंच म्हणाला. दुरुस्ती पुढे त्यानेच लिहिली. माझा कोड त्याला तेव्हाही आवडला नव्हता.