दोन माणसांच्या विमा ऑफिसला एसओपी कशाला?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निपाणी, खानापूर, चिकोडीकडनं एकच प्रश्न सारखा आलाय, ताई, आमच्या ऑफिसात मी आणि एक पोरगा, आम्हाला एसओपी, म्हणजे कामाच्या स्टेप्स लिहिलेला कागद, कशाला पाहिजे? तर आज तेच बघू.

सोपं ते पटकन सांगते. केवायसी, नॉमिनी, रिन्यूअलचा फोन महिनाभर आधी, पॉलिसी हातात पडल्यावर 30 दिवसांचा फ्री लुक, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुदत, असतो हे सांगणं, हे सगळं तुम्ही करताच की, फक्त ते डोक्यात असतं, ते कागदावर उतरवा, म्हणजे तुम्ही जत्रेला गावी गेलात तरी पोरगा अडत नाही. नाव तेवढं आधार बघूनच लिहा, आपल्याकडं रेशन कार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच.

आता माझा जीव अडकलाय ती स्टेप. हेल्थचा फॉर्म भरताना "शुगर आहे का?" असं विचारू नका. नका विचारू! धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मी शहापुरातल्या एका मावशींना असंच विचारलं, त्या म्हणाल्या नाही, मी "नो"वर टिक केली. पुढं अ‍ॅडमिट झाल्या, केसपेपरवर लिहिलेलं, सहा वर्षांपासून मधुमेह, आणि क्लेम नाकारला. मी घरी गेले तर मावशी म्हणतात, अगं, शुगर कुठाय मला, गोळीनं नॉर्मल असते की! त्या खोटं बोलल्याच नव्हत्या, मीच चुकीचं विचारलं होतं. त्यांच्या मुलानं पैसे कुठनं कुठनं गोळा केले ते मी बघितलंय, अजून विसरले नाही.

म्हणून आमच्या कागदावर प्रश्न असा आहे: रोज कुठली गोळी घेता? कन्नड बोलणारे असतील तर, दिना याव गुळिगी तगोतीरी? आणि मग गोळ्यांचा डबा बघायला मागायचा.

एकानं कमेंट केली, ताई, सगळं खरं लिहिलं तर पॉलिसीच मिळत नाही. दादा, कधी प्रीमियम वाढतो, कधी नकार येतो, मान्य. पण कंपनीनं घेतलं, तर आधीच्या आजाराला वेटिंग, म्हणजे त्याचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. लपवलं तर पॉलिसीचे 60 महिने सलग पूर्ण होईपर्यंत कंपनी त्यावर बोट ठेवून क्लेम नाकारू शकते, आणि फ्रॉड निघाला तर त्यानंतरसुद्धा. ग्राहकाला नीट सांगा, तीन वर्षं थांबणं बरं का हॉस्पिटलच्या काउंटरवर कळणं बरं?

आणि पोरग्याचा विचार करा. नवीन पोराला मोठ्या माणसाला आजार विचारायचा संकोच वाटतो, मग तो स्वतःच सगळीकडं "नो" करून सही घेतो. हातात कागद असला की "काका, ऑफिसचा नियम आहे" म्हणून विचारता येतं. आमचा पोरगा परवा हिंडलग्यातनं फोन करून म्हणाला, अक्का, डब्यात एक छोटी पांढरी गोळी आहे, काका म्हणतात ताकदीची आहे. पट्टीचा फोटो मागवला, तर बीपीची! फॉर्म तिथंच थांबवला, डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर भरला.

तो कागद आता कॅमेऱ्यासमोर धरते, पॉज करून लिहून घ्या. कपाटाच्या आत नको, पोरग्याच्या टेबलावर चिकटवा.