टेम्पोच्या हौद्यातली हळद

मंडळी, आत येताना पटांगणातला, मी दुरुस्त केलेला जुना तीनचाकी टेम्पो तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या शेजारच्या, तुम्ही जपलेल्या जुन्या मोटारी कितीतरी देखण्या आहेत. तरी आज मला बोलायचंय ते त्या टेम्पोबद्दल, आणि त्यातही त्याच्या हौद्याच्या फळ्यांबद्दल.

आधी नाव. घर बदलायचं, टेम्पो सांगा. गणपती आणायचा, टेम्पो सांगा. मालाची कुठलीही छोटी गाडी आपल्याकडे टेम्पोच. पण हे मुळात हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचं व्यापारी नाव. जर्मनीत १९२८ पासून चारपेक्षा कमी चाकांच्या, २०० सीसीपर्यंतच्या गाडीला कर नव्हता आणि चालवायला लायसनही लागत नव्हतं. त्या सवलतीवर तिथं तीनचाकी मालगाड्या फोफावल्या. युद्धानंतर, १९४९ मध्ये, त्याच वाणाची जरा मोठी ‘हान्सिआट’ आली. जर्मनीत ती १९५६ मध्ये बंद झाली आणि १९५८ मध्ये बजाज टेम्पोनं ती मुंबईत, गोरेगावला बनवायला घेतली. पुढं कारखाना आकुर्डीला गेला. २००५ मध्ये कंपनीचं नावही बदलून फोर्स मोटर्स झालं. आपल्या बोलण्यातला टेम्पो मात्र कुणी बदलला नाही.

मला मिळालेली गाडी साठच्या दशकातली, सांगलीकडची. हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे तिनं उमेदीची वर्षं घालवली आणि मग एका मळ्यात चिंचेखाली कित्येक पावसाळे काढले. टायर जमिनीत रुतलेले, इंजिन जाम. दोन सिलिंडरचं, चारशे सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन. ते बसवलंय थेट पुढच्या चाकावर, आणि चेननं तेच चाक ओढतं. स्टेअरिंग फिरवलं की चाकाबरोबर अख्खं इंजिन वळतं! म्हणून ही गाडी बोळातसुद्धा जागच्या जागी फिरते, आणि म्हणूनच चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. ही गाडी चालवलेले एक मामा अजून आहेत, त्यांनी सांगितलं. हौद्यात पोती भरली की वजन मागं जातं, नाक हलकं होतं. ओढणारं चाक पुढं. पावसात चढ आला की ते जागेवर फिरायला लागतं. मग मामा मागच्या हमालाला पुढं केबिनमध्ये बोलवायचे. त्याच्या वजनानं चाक रस्ता धरायचं. दुरुस्तीच्या कुठल्या पुस्तकात हे सापडेल?

इंजिन जुळवायला दोन वर्षं लागली. पिस्टन मिळेना, शेवटी लेथवाल्याकडून दुसऱ्या गाडीचा पिस्टन कातून मापात आणून घेतला. त्या तपशिलात मी जात नाही, इथं बसलेल्या प्रत्येकानं असा पिस्टन शोधलेला आहे.

मी अडलो ते हौद्यापाशी. नऊ फळ्या होत्या. सुतार म्हणाला, सगळ्या काढून टाकू, नवीन सागवान घालू, झळझळीत दिसेल. पहिली फळी उचकटली आणि आम्ही दोघंही थांबलो. फळ्यांच्या सांध्यात पिवळं होतं. बोटानं खरवडलं, वास घेतला. हळद.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. जमिनीच्या पोटात खोदलेली, आत हळद साठवायची. वर्षानुवर्षं ती टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि बरीचशी निकामी झाली. मामा म्हणाले, त्या पेवांतून काढलेली पोती याच गाडीतून पेठेत जायची. मग ती फळी मी कुठल्या तोंडानं टाकून देऊ? पाच फळ्या पार कुजल्या होत्या, त्या बदलल्या. चार तशाच ठेवल्या. पॉलिश नाही, सांध्यातली हळदही काढलेली नाही. प्रदर्शनात एका परीक्षकांनी त्यासाठी गुण कापले, कापू देत.

राजे-महाराजांच्या गाड्या जपल्या गेल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलालांचा जुन्या मोटारींचा संग्रह बघताना मी दिवसभर जेवायचं विसरलो होतो. पण माल वाहून झिजलेली गाडी भंगारात जाते, कारण तिची हौस कुणी केली नाही. कायदाही तिला ओळखत नाही. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. फार चांगलं झालं. पण ती दुचाकी आणि चारचाकींना, त्याही खासगी वापराच्या. तीन चाकं आणि मालवाहतूक, म्हणजे आमचा टेम्पो दोन्हीकडून बाहेर. हा नियम बदलावा म्हणून आपण सगळ्यांनी मिळून अर्ज करायला हवा. ज्या गाडीनं बाजार भरवले, तिला पाटी मिळू नये हे मला सहन होत नाही.

एक चूक सांगतो, ती मला अजून खुपते. मागच्या फाळक्यावर रंगाच्या थरांखाली जुनी अक्षरं होती. मी दोन-तीन अक्षरं पाहिली होती, फोटो काढायचा राहिला. फाळका रंगकामाला दिला आणि संध्याकाळपर्यंत तिथं तो घासून कोरा केला, वर पुट्टी भरून अस्तराचा रंगही मारला. काय लिहिलं होतं ते मामांना आठवत नाही, त्यांना वाचता येत नव्हतं. काहीतरी छान लिहून घ्या, असं अनेकांनी सुचवलं. मी लिहिलेलं नाही. बाहेर जाऊन बघा, फाळका अजून अस्तराच्या तपकिरी रंगातच आहे.

सांगली, हरिपूर, मिरज भागातलं कुणी इथं असेल, तर एवढं करा. घरातले जुने फोटो काढा. लग्नातले, दुकानाच्या उद्घाटनाचे, पेवापाशी उभं राहून काढलेले. मागं कुठंतरी तीनचाकी टेम्पोची पाठ दिसत असेल, तर तो फोटो मला दाखवा.