पहिल्या पावलाच्या तीन तारखा

नमस्कार. निवेदिकाबाईंनी माझी ओळख 'अभ्यासक' अशी करून दिली. ते तेवढं मागे घ्यावं. माझ्याकडे दोन मुलं आहेत आणि अकरा वह्या आहेत, एवढीच माझी पात्रता. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मुलांच्या नोंदी : का, कशा आणि कुणासाठी'. वेळ पन्नास मिनिटं. 'का'ला पंधरा, 'कशा'ला वीस, 'कुणासाठी'ला पंधरा, असा हिशेब घरून मांडून आणलाय. पाच मिनिटं सत्कारात गेलीच, ती 'कुणासाठी'तून कापू.

आधी हात वर करा बघू. ज्यांच्या फोनमध्ये मुलांचे हजारावर फोटो आहेत ते? सगळेच. आता यातले शंभर तरी ज्यांनी पुन्हा कधी शांतपणे पाहिलेत त्यांनीच हात वर ठेवा. मागे ते एक गृहस्थ आहेत, त्यांचा हात शेजारच्या बाईंनी खाली ओढला, मी पाहिलं. (हशा)

मुलगी झाली तेव्हा आम्हाला भेट म्हणून एक पुस्तक आलं होतं. जाड पुठ्ठा, गुलाबी कागद, आत छापील मथळे. बाळाचं पहिलं हसू. पहिला दात. पहिला शब्द. पहिलं पाऊल. प्रत्येकापुढे टिंबांची एक ओळ आणि खाली फोटोसाठी लंबगोल चौकट. त्या टिंबांच्या ओळीवर माझा राग आहे आणि तो आज इथे काढणार आहे, कारण घरी आता कुणी ऐकत नाही.

मुलगी साडेअकरा महिन्यांची होती. मी नुकतीच नोकरीवर परत रुजू झाले होते. दिवसभर ती आजीजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ असायची. एका मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले, पर्स अजून खांद्यावरच होती. ती एका हाताने स्टूल धरून उभी आणि दुसऱ्या हातात चमचा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सोडलं. चमचा नव्हे, स्टूल. चमचा तिने शेवटपर्यंत सोडला नाही. एक, दोन, तीन पावलं, आणि मग बदकन खाली बसली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. नवरा आतून धावत आला, त्यानेही वाजवल्या. मी रडले. मग गुलाबी पुस्तक काढलं आणि टिंबांवर लिहिलं : मंगळवार, तारीख, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. नोंद चोख.

यानंतर सात वर्षांनी मुलीला शाळेत निबंध आला, 'मी बाळ असताना'. रात्री जेवताना मी ते पुस्तक उघडून मोठ्या आवाजात वाचू लागले. पहिलं पाऊल, मंगळवार, सात वाजून दहा मिनिटं. सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "शुक्रवार."

मी म्हटलं, "काय, आई?"

"आधीच्या शुक्रवारी चालली ती. दुपारी. खिडकीपाशी."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू दमून यायचीस. येताना रोज विचारायचीस, आज काय नवीन केलं म्हणून. म्हटलं, तुला दिसेल तेच पहिलं. आपलं काय जातंय?"

मी गप्प. तेवढ्यात नवऱ्याने घसा खाकरला. घसा खाकरणारा नवरा ही काय चीज असते ते इथल्या बायकांना सांगायला नको. म्हणाला, "रविवारी माझ्याकडेही चालली होती. तू झोपली होतीस. मला वाटलं तेच पहिलं, म्हणून मीही..."

म्हणजे बघा, शुक्रवारचं आजीने लपवलं, रविवारचं बापाने लपवलं, आणि मंगळवारी दोघं माझ्यासमोर टाळ्या वाजवत होते! पाऊल हुकलं याचं मला तितकं नाही वाटलं. टाळ्यांचं वाटलं. दोन दिवस मी दोघांशी कामापुरतंच बोलले. मुलीने मात्र निबंधात लिहून टाकलं, 'मी तीनदा पहिल्यांदा चालले.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. माझ्या मते सगळ्या घरात तेवढं एकच वाक्य खरं होतं.

पुढे मी हा विषय जरा वाचायला लागले तेव्हा आणखी मजा कळली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ मध्ये काही निष्कर्ष छापले. त्यात 'चालणं' कशाला म्हणायचं ते आधी ठरवलंय : कुणाला आणि कशाला न धरता, ताठ उभं राहून, किमान पाच पावलं. पाच! आमची तीनच होती. म्हणजे शुक्रवार, रविवार, मंगळवार तिन्ही बाद. आणि निरोगी मुलं हे केव्हा करतात? ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही. नऊ महिन्यांहून मोठा पट्टा आहे, आणि आम्ही शुक्रवार की मंगळवार यावर अबोला धरून बसलो होतो.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. सुमारे ४.३ टक्के मुलं गुडघे-हात टेकून रांगतच नाहीत, तशीच चालायला लागतात. माझा मुलगा त्यातला. तो बसल्या बसल्या पुढे सरकायचा, एखादा जड टेबल ढकलावा तसा स्वतःलाच ढकलायचा. त्याच्या पुस्तकात 'पहिल्यांदा रांगलं'पुढची टिंबं कोरी राहिली. येणाराजाणारा पान उलटायचा आणि विचारायचा, हे का रिकामं? आता कबुली देते. एका रात्री मी तिथे एक तारीख घातली. खोटी. निळ्या शाईत. छापील रकाना माणसाला खोटं बोलायला लावतो, तो असा.

मुद्द्यावर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण 'पहिलं' शोधत बसतो आणि मुलं वाढतात ती मधल्या गोंधळात. न्यूयॉर्कमधल्या केरन अॅडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतं चालायला लागलेल्या मुलांची पावलं चक्क मोजली. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! कुठल्या गुलाबी पुस्तकात 'बाळ आज कितव्यांदा पडलं' याला रकाना आहे? पडणं हाच तर अभ्यास आहे त्यांचा.

म्हणून मुलाच्या वेळी मी साध्या रेघी वह्या घेतल्या आणि ठरवलं की चुका लिहायच्या. त्यातली बोलण्यातली चूक तर सोडायचीच नाही. मराठीत आपल्याला ही चैन आहे. मुलगा 'जातो' म्हणणार, मुलगी 'जाते'. आमचा मुलगा दिवसभर आजी, मी आणि ताई यांच्यात. तो तीन वर्षांचा झाला तरी 'मी जाते, मी खेळते'. सासूबाईंना काळजी. त्या त्याला पढवायच्या, "मी जातो म्हण, जातो." त्याने ते इतकं मनावर घेतलं की ताईला दटावायला लागला, "तू जातो म्हण!" आजी आपल्याला शिकवते ते सगळ्या जगासाठी, असा त्याचा समज.

मग आणखी एक झालं. तो आधी 'आला', 'गेला', 'केलं' अगदी नीट म्हणायचा. एके दिवशी 'येला' सुरू झालं. मग 'जाला'. मग 'करलं'. माझ्या चौथ्या वहीत नोंद आहे : 'मागे पडतोय?' पुढे प्रश्नचिन्ह, त्याखाली दोन रेघा. प्रत्यक्षात तो पुढे गेला होता. आधीचं 'आला' ही नुसती पोपटपंची होती. आता त्याला नियम सापडला होता. बस-बसला, हस-हसला, पळ-पळाला, तर मग ये-येला! व्याकरणाचा नियम कुणी न शिकवता त्याने स्वतः काढला आणि जिथे भाषाच नियम मोडते तिथेही लावून पाहिला. आपण मोठे लोक त्याला चूक म्हणतो, कारण आपल्याला अपवाद पाठ आहेत. त्या वहीतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य वाचते. वय तीन वर्षं एक महिना. 'फुगा फुटला, मोठ्ठा आवाज येला, बाबा येला, मग मी पण येले.' दोन्ही चुका एका वाक्यात. याचा फोटो काढता येईल का, सांगा.

हे मी एकटीच करते असं नाही, फार थोर माणसांनी केलंय. चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम १८३९च्या डिसेंबरात जन्मला. डार्विनने त्याच्या नोंदी ठेवल्या आणि तब्बल सदतीस वर्षांनी, १८७७ मध्ये, त्यावर लेख लिहिला. त्यात आहे की सव्वादोन वर्षांचा हा मुलगा राग आला की समोरच्यावर पुस्तकं आणि काठ्या फेकण्यात तरबेज झाला होता. उत्क्रांतीचा बाप, पण घरात काय चाललंय बघा. आणि मूळ वहीत काही नोंदी एमाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातच्या आहेत. लेखावर नाव मात्र एकाचंच.

जर्मनीत क्लारा स्टर्न बाईंनी आपल्या तीन मुलांच्या नोंदी १९०० पासून १९१८ पर्यंत लिहिल्या. हाती लिहिलेली पाच हजारांच्या आसपास पानं. लिहिण्याचं बरंचसं काम त्यांचं, विद्यापीठातली जागा नवऱ्याची. पण १९०७ मध्ये मुलांच्या भाषेवर पुस्तक आलं तेव्हा त्यावर दोघांची नावं होती आणि आधी क्लाराचं होतं. हे मी घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "तुझ्या वह्यांवर माझं नाव नको, मला पुरावा राहू द्यायचा नाही."

या टोकाला वही, तर त्या टोकाला अमेरिकेतले संशोधक देब रॉय. त्यांनी घराच्या छतांनाच अकरा कॅमेरे आणि चौदा मायक्रोफोन लावले, मुलगा बोलायला कसा शिकतो ते टिपायला. नव्वद हजार तासांचं चित्रण. मी हिशेब केला, न झोपता बघितलं तर दहा वर्षं लागतील. त्यांच्याकडे संगणक होते, विद्यार्थी होते. 'गागा'चा 'वॉटर' कसा झाला ते त्यांनी ऐकवलं, ते विलक्षणच आहे. आपल्याकडे मात्र नुसता साठा होतो. साठवणं आणि नोंद ठेवणं या दोन...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' म्हणजे 'का' अजून संपलेलं नाही. (हशा) बरं, पळते.

'कशा.' एक, तारखेपेक्षा वय लिहा, वर्षं आणि महिने, म्हणजे दोन भावंडांच्या नोंदी शेजारी ठेवता येतात. दोन, मुलाचं बोलणं जसंच्या तसं लिहा, सुधारून नको. तुम्ही 'येला'चं 'आला' केलंत की नोंद गेली. आणि त्याच दिवशी लिहा. रात्री डोळे मिटत असतील तर चार शब्द लिहून ठेवा, पण दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्यात आपलं शहाणपण मिसळतं. तीन, कुणी पाहिलं तेही लिहा. आजीने, बापाने, शेजारच्यांनी. आमच्या घरी आता शुक्रवारला 'आजी', रविवारला 'बाबा' अशी नोंद आहे, आणि माझा मंगळवारही तसाच आहे. मी तो खोडलेला नाही. चार, रोज लिहायचा हट्ट नको. माझ्या सहाव्या वहीत पाच महिने कोरे आहेत. तेव्हा सासूबाई आजारी होत्या. कोरी पानं तशीच ठेवली, तीही नोंदच. पाच, फोनवर लिहिणाऱ्यांनी प्रत दुसरीकडे ठेवा. माझा एक फोन बादलीत पडला होता, त्यावर आज बोलत नाही.

'कुणासाठी.' आपल्याला सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. म्हणजे मुलाच्या आयुष्यातली ती वर्षं घरातल्या इतरांच्याच ताब्यात असतात. मला वाटायचं, म्हणून या वह्या मुलांसाठी. मग मुलीच्या हाती त्या पडल्या. ती तेव्हा सोळा वर्षांची. दोन दिवस दार लावून वाचत होती. बाहेर आली आणि विचारलं, "हे तू कुणाकुणाला दाखवलंस?" मी तीन नावं सांगितली. चौथं सांगायला धजले नाही.

तेव्हापासून आमच्यात ठरलंय. वह्या माझ्या, मजकूर त्यांचा. काय वाचायचं ते त्यांना विचारून. येताना मी तिला विचारलं, तिसऱ्या वहीचं एकेचाळिसावं पान वाचू का? फार गंमत आहे त्यात. तिने वही मागितली आणि पानाच्या कडेला पेनने लिहून परत दिली.

मघापासून मला घड्याळ दाखवतेय ती तिसऱ्या रांगेतली मुलगी माझीच. एकेचाळिसावं पान मी वाचणार नाहीये ग, बस खाली. कुणाला प्रश्न असतील तर...