‘स्किनामारिंक’ पाहून कोण घाबरले आणि कोण कंटाळले

13 जानेवारी 2023 रोजी, शुक्रवारी, अमेरिकेतील 692 चित्रपटगृहांत एक कॅनडियन भयपट प्रदर्शित झाला. त्यात नावाजलेला एकही नट नव्हता, पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हते, आणि शंभर मिनिटांच्या लांबीत एखाद्या पात्राचा चेहरा धडपणे दिसावा असे क्षण शोधावे लागत होते. चित्रपटाचे नाव ‘स्किनामारिंक’ आणि दिग्दर्शकाचे नाव काइल एडवर्ड बॉल. अवघ्या 15 हजार डॉलरच्या आसपास तयार झालेल्या या चित्रपटाने तिकीटबारीवर 20 लाख डॉलरहून अधिक कमाई केली. मात्र या कमाईपेक्षाही विलक्षण होते ते प्रेक्षकांचे बोलणे. लहानपणानंतर इतकी भीती कधीच वाटली नव्हती, रात्री दिवा लावून झोपावे लागले, असे काहीजण कळवळून सांगत होते, तर भिंती, छत आणि दाराचे कोपरे यांच्यापलीकडे आपल्याला काही दिसलेच नाही, असे इतर अनेकजण तितक्याच प्रामाणिकपणे सांगत होते. समीक्षकांचा कौल बऱ्यापैकी बाजूने होता, प्रेक्षकांचा मात्र सरळ दुभंगलेला होता, आणि ‘ठीक आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येणारे मधले मत येथे फारसे कोणी देत नव्हते.

कथा दोन ओळींत सांगता येईल इतकी लहान आहे. साल 1995. चार वर्षांचा केव्हिन आणि ‘केली’ नावाची त्याची सहा वर्षांची बहीण मध्यरात्री जागे होतात. त्याआधी केव्हिन बहुधा झोपेत चालता चालता जिन्यावरून पडलेला आहे, आणि टाके घालावे लागले नाहीत, असे वडील फोनवर कोणाला तरी सांगताना आपण ऐकतो. आता वडील घरात नाहीत. थोड्या वेळाने घराच्या खिडक्या नाहीशा होतात, मग दारेही. दोघे भावंडे खालच्या दिवाणखान्यात उशा आणि पांघरुणे घेऊन येतात, टीव्हीवर जुनी कार्टून लावतात आणि सकाळ होण्याची वाट पाहतात. सकाळ होत नाही. वरच्या मजल्यावरून एक आवाज त्यांना हाक मारू लागतो.

ही मुले सुरुवातीला ओरडत नाहीत, धडका मारत नाहीत, मदतीसाठी कोणाला हाका मारत नाहीत. अनेक प्रेक्षकांचा पहिला आक्षेप नेमका येथेच होता. घराचे दार नाहीसे झाल्यावर दोन मुले इतक्या शांतपणे कुजबुजत कशी बसतील, असे त्यांनी विचारले. जागेपणीचा न्याय लावला तर हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु स्वप्नात आपण सगळे नेमके असेच वागतो. ज्या झोपेत डोळ्यांची बुबुळे मिटल्या पापण्यांआड वेगाने हलत असतात, त्या ‘रेम’ झोपेत बहुतेक ठसठशीत स्वप्ने पडतात, आणि त्या अवस्थेत मेंदूच्या पुढच्या भागातील, तर्क लावण्याचे आणि विसंगती पकडण्याचे काम करणारी केंद्रे मंदावलेली असतात, भावनांशी संबंधित केंद्रे मात्र जोरात काम करीत असतात. म्हणून स्वप्नात घराला दार नसल्याचे नवल वाटत नाही, धास्ती मात्र पुरेपूर वाटते. ज्या प्रेक्षकाला या मुलांचे वागणे आपल्या एखाद्या जुन्या स्वप्नासारखे वाटले तो आत ओढला गेला, आणि ज्याने त्यांना खऱ्या घरातील खरी मुले समजून पाहिले तो बाहेरच राहिला.

यामागे चित्रपटाच्या जन्माची हकीकत आहे, आणि मला ती चित्रपटाइतकीच महत्त्वाची वाटते. बॉल कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहराचे. चित्रपट करण्याआधी ते ‘बाइटसाइज्ड नाइटमेअर्स’ नावाची यूट्यूब वाहिनी चालवीत असत. प्रेक्षकांनी आपल्याला पडलेली भयानक स्वप्ने लिहून कळवायची आणि बॉल यांनी त्यांवर छोट्या चित्रफिती करायच्या, असा तो उपक्रम होता. आलेली स्वप्ने वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे पुन्हा पुन्हा एकच स्वप्न सांगत आहेत: मी लहान आहे, घरात आहे, आईवडील कुठेतरी गेले आहेत किंवा मेले आहेत, आणि घरात आणखी कोणीतरी आहे. बॉल यांना स्वतःलाही लहानपणी असेच स्वप्न पडले होते. आधी त्यांनी 2020 मध्ये ‘हेक’ हा लघुपट केला आणि नंतर, बहुतांशी लोकवर्गणीतून जमलेल्या पैशांवर, हा पूर्ण लांबीचा चित्रपट. चित्रीकरण सात दिवसांत उरकले आणि ते झाले ज्या घरात बॉल लहानाचे मोठे झाले त्याच घरात. प्रेक्षकांचा प्रतिसाद म्हणून आपण जे मोजतो त्यातला एक हिस्सा येथे कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच दिग्दर्शकाच्या हाती आलेला होता. आपलेच स्वप्न कोणीतरी पडद्यावर आणले, असे ज्यांना वाटले त्यांची भावना त्यामुळे अगदीच निराधार नव्हती.

आता आईवडिलांच्या शयनगृहातील प्रसंगाकडे जरा थांबून पाहावे. केलीला वरून हाक येते आणि ती अंधाऱ्या जिन्याने वर जाते. पलंगाच्या एका कडेला वडील बसलेले आहेत, त्यांची पाठ आपल्याकडे. ते तिला पलंगाखाली बघायला सांगतात. कॅमेरा खाली वाकतो, आणि पलंगाखालचा काळोख कितीतरी वेळ आपल्यासमोर तसाच राहतो. त्यात काहीही नाही. ती पुन्हा मान वर करते तेव्हा वडील जागेवर नाहीत आणि पलंगाच्या दुसऱ्या कडेला, तशीच पाठमोरी, आई बसलेली आहे. तुमच्या दोघांवर आमचे फार प्रेम आहे, असे ती म्हणते आणि मग केलीला डोळे मिटायला सांगते. एवढाच प्रसंग. ज्यांना चित्रपट अजिबात आवडला नाही अशांपैकीही काहीजण या प्रसंगाला अपवाद मानतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आईचा आवाज ओळखीचा, वाक्य मायेचे, तरीही तिच्याजवळ जाऊ नये असे वाटायला लावणारी ही काही मिनिटे मोठमोठ्या खर्चाच्या भयपटांना साधत नाहीत.

पलंगाखालच्या त्या काळोखात काही नव्हते, असे मी म्हटले खरे. पण अनेक प्रेक्षकांनी तेथे काहीतरी पाहिल्याचे शपथेवर सांगितले. याचे कारण चित्राच्या पोतामध्ये आहे. चित्रीकरण आधुनिक डिजिटल कॅमेऱ्याने झाले, पण संकलनात बॉल यांनी त्यावर जुन्या फिल्मसारखा दाणेदारपणा चढवला, आणि आवाजातही सतत एक खरखर ठेवली. अंधाऱ्या चौकटीत हे दाणे अखंड वळवळत राहतात. मानवी मेंदूला अर्थहीन ठिपक्यांतही चेहरा शोधण्याची खोड आहे. ढगांत, भिंतीवरच्या ओलीत, लाकडाच्या गाठींत आपण चेहरे पाहतो ते याच खोडीमुळे. समोर हलणारे ठिपके, मंद उजेड, भरपूर वेळ आणि मनात आधीच बसलेली धास्ती, एवढे जमून आले की डोळे स्वतःच आकृती घडवू लागतात. दोन प्रेक्षकांनी पाहिलेल्या आकृत्या वेगळ्या असतात आणि तिसऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून या चित्रपटावरच्या चर्चेत ‘अमुक मिनिटाला कोपऱ्यात कोण उभे होते’ यावर रकानेच्या रकाने भरले, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी दिग्दर्शकाने कोणालाही उभे केलेले नव्हते, असे मानायला जागा आहे.

हे सारे चित्रपट कुठे आणि कसा पाहिला यावर फार अवलंबून असते. जुलै 2022 मध्ये माँट्रियलच्या फँटेझिया महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. त्यानंतर एका महोत्सवाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून त्याची प्रत फुटली आणि टिकटॉकवर त्याची ख्याती वणव्यासारखी पसरली. चोरीने पसरलेल्या प्रतीमुळे निर्मात्याचे नुकसान होते, याबद्दल दुमत असू नये. तरीही त्या पहिल्या प्रेक्षकांनी चित्रपट ज्या स्थितीत पाहिला ती त्याला अनुकूल होती: रात्रीची वेळ, एकटा माणूस, कानांत हेडफोन, मांडीवर छोटा पडदा आणि बाजूला आपल्याच घराचा अंधार. चित्रपटगृहात मात्र शुक्रवारच्या संध्याकाळी दोनशे माणसांची चुळबुळ आणि मोबाइलचे उजेड होते, आणि सर्वांत भयानक चित्रपट म्हणून झालेल्या गाजावाजाने अपेक्षा आकाशाला भिडलेल्या होत्या. एखाद्याने कंटाळून ‘अजून किती वेळ’ असे मोठ्याने म्हटले की सगळ्या रांगेची तंद्री मोडते. नंतर ‘शडर’ या स्ट्रीमिंग सेवेवर चित्रपट आला तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली, जिची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. इंटरनेटवरून चित्र पाठवताना त्याचा आकार दाबून लहान केला जातो आणि त्या दाबणीत सर्वांत आधी बळी जातो तो अंधारातल्या बारीक दाण्यांचा. नेट मंद असेल तर ती वळवळ पुसली जाऊन काळे-करडे चौकोन तेवढे उरतात, आणि चौकोनांत भूत दिसत नाही. ‘काहीच दिसले नाही’ म्हणणाऱ्या काही प्रेक्षकांना खरोखरच काही दिसले नसणार.

स्वभावाचा भागही मोठा आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्या प्रौढांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि 1984 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अशा माणसांच्या मनातील सीमा पातळ असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. जागेपण आणि स्वप्न, विचार आणि भावना, स्वतःचे दुःख आणि दुसऱ्याचे दुःख यांच्यामधले कुंपण त्यांच्यात विरळ असते. ज्यांचे कुंपण जाड असते त्यांना स्वप्ने क्वचित आठवतात आणि आठवली तरी चिकटत नाहीत. ‘स्किनामारिंक’च्या प्रेक्षकांवर असा अभ्यास झाला की नाही हा प्रश्न बाजूला ठेवूनही, हार्टमन यांची मांडणी या दुभंगाला ‘रसिक विरुद्ध अरसिक’ या उथळ वाटणीपेक्षा कितीतरी अधिक न्याय देते. घाबरलेला प्रेक्षक भाबडा नव्हता आणि कंटाळलेला प्रेक्षक मठ्ठ नव्हता. प्रत्येकाने आपल्या जवळचे जे होते ते त्या रिकाम्या चौकटीत ओतले.

मराठी प्रेक्षकापुरता येथे एक वेगळा मुद्दा येतो. या चित्रपटाची भीती उत्तर अमेरिकेतल्या उपनगरी घराच्या रचनेवर उभी आहे: दुमजली घर, मुलांची वेगळी खोली, आईवडिलांची वेगळी, मध्ये लांब बोळ आणि जिना, जमिनीवर जाड गालिचा ज्यात पावले वाजत नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणांचे बालपण एकाच खोलीत रांगेने घातलेल्या गाद्यांवर, एका बाजूला आजी आणि दुसऱ्या बाजूला भावंड अशा दाटीत गेले. आईवडिलांच्या खोलीपर्यंत अंधारातून चालत जाण्याची भीती त्यांच्या गाठीला नाही. त्यांना भिडते ते दुसरेच काहीतरी: शेजारची गादी रिकामी असणे, किंवा ओळखीच्या आवाजाने रात्री हाक मारणे. रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे बजावणारी वडीलधारी माणसे ज्या घरांत होती, त्या घरांतील प्रेक्षकाला वरच्या मजल्यावरून येणारा तो आवाज समजावून सांगावा लागत नाही.

चित्रपटाचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. मधला बराच भाग सैल आहे. एकाच कोपऱ्याची तीच चौकट तिसऱ्यांदा येते तेव्हा भीती वाढत नाही, ती झिजते, आणि तासाभरात हा चित्रपट अधिक धारदार झाला असता. दुसरे म्हणजे अचानक कर्कश आवाज करून दचकवण्याचे जे मोजके प्रसंग आहेत, डोळे असलेल्या खेळण्यातल्या टेलिफोनचा त्यांत समावेश होतो, ते या चित्रपटाला शोभत नाहीत. दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती कोणाकडूनही घडवता येते. आणि जो चित्रपट प्रेक्षकाला इतका वेळ स्वतःच्या डोळ्यांवर सोडून देतो त्याने मध्येच त्याच्या कानाशी ताट वाजवू नये.

शेवटाविषयी सर्वाधिक वाद झाले. पडद्यावर ‘572 दिवस’ अशी अक्षरे उमटतात आणि त्यांचा खुलासा केला जात नाही. सुरुवातीचे जिन्यावरून पडणे लक्षात ठेवून पुष्कळ प्रेक्षकांनी असा अर्थ लावला की केव्हिन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे आणि आपण पाहिले ते त्याच्या मेंदूतले दीर्घ स्वप्न होते. काहींनी तुटलेल्या संसाराची, मुलांना सोसाव्या लागणाऱ्या छळाची गोष्ट त्यात वाचली, आणि आईचे ते मायेचे वाक्य त्यांच्यासाठी पुरावा ठरले. बेशुद्धीचा अर्थ मला पटत नाही. तो नाहीशा झालेल्या सगळ्या दारांना एकाच किल्लीने उघडतो, पण पलंगाखालच्या काळोखाबद्दल त्यातून एक शब्दही अधिक कळत नाही. दुसरा अर्थ अधिक जवळचा आहे, कारण जिच्याकडे धाव घ्यावी तिच्याचबद्दल शंका वाटू लागणे हे या चित्रपटातले खरे दुःस्वप्न आहे, आणि ज्या प्रेक्षकांना स्वतःची मुले आहेत त्यांनी घाबरण्याऐवजी रडू आल्याचे का सांगितले, हे त्यातून समजते.

ज्यांनी अजून हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो रात्री, दिवे मालवून, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चांगल्या वेगाच्या नेटवर, एका बैठकीत पाहावा. मुलांना तो दाखवू नये; त्यात मुलांना जी इजा होते ती पडद्यावर थोडीच दिसते, पण ऐकू पुरेशी येते. पहिल्या अर्ध्या तासात त्या अंधाराने तुम्हाला धरले नाही तर पुढच्या तासात तो धरण्याची शक्यता कमी आहे, तेव्हा खुशाल बंद करून झोपावे.